दुकानदाराचा दृष्टांत : वयपडताळणीच्या एका निकालपत्राची समीक्षा

न्यायालयाचे निकालपत्र हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, ही शंका सकृद्दर्शनी रास्त आहे. निकालपत्राचा हेतू वाद मिटविण्याचा असतो आणि त्याची परीक्षा विधिज्ञांनीच करावी, असा संकेतही आहे. तथापि ज्या निकालपत्रात विधिनियमापेक्षा एखादा दृष्टांतच निर्णयाचा भार वाहत असतो, आणि 'वाचक कोण' हा मूलतः वाङ्मयशास्त्राचा प्रश्न ज्यात कायद्याच्या परिभाषेत सोडविला जातो, त्याच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाठ फिरवणे उचित होणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी 'फ्री स्पीच कोअलिशन विरुद्ध पॅक्स्टन' या खटल्यात दिलेला निर्णय या कोटीतला आहे. सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने दिलेल्या या निर्णयाचे मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिले. विरोधी मत न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिले असून सोनिया सोटोमायोर आणि केतनजी ब्राउन जॅक्सन या दोन न्यायमूर्तींनी त्यास संमती दिली आहे.

वाद होता तो टेक्सस राज्याने २०२३ साली केलेल्या कायद्याचा. ज्या व्यापारी संकेतस्थळावरील एक-तृतीयांशाहून अधिक मजकूर अल्पवयीनांस हानिकारक अशा लैंगिक स्वरूपाचा असेल, त्याने प्रत्येक अभ्यागताचे वय अठरा वर्षे पूर्ण असल्याची खात्री करून घ्यावी, असे हा कायदा सांगतो. खात्रीचे मार्गही तो नेमून देतो : डिजिटल ओळखपत्र, शासनाने दिलेले ओळखपत्र, किंवा नोकरी, शिक्षण, कर्ज यांसारख्या व्यवहारांच्या नोंदी. नियम मोडल्यास दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यामुळे एखाद्या अल्पवयीनाच्या दृष्टीस तो मजकूर पडल्यास २,५०,००० डॉलरपर्यंत अधिक दंड. तपासणीनंतर ओळखीची माहिती जवळ ठेवणे हाही गुन्हा मानून त्यास वेगळा दंड लावला आहे. या शेवटच्या तरतुदीचा विचार पुढे करावयाचा आहे, कारण कायद्याच्या कर्त्यांना स्वतःच्या कृतीविषयी काय वाटत होते हे तिच्यातून दिसते.

या कायद्यामागची चिंता खोटी आहे असे म्हणता येणार नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या उपकरणावर विनासायास दिसू शकणारी चित्रे कोणत्या थराची असतात, हे ज्यास ठाऊक आहे तो या प्रश्नाकडे केवळ सोवळेपणाचा प्रश्न म्हणून पाहणार नाही. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्तींनीही राज्याचे हित अत्यंत महत्त्वाचे असल्याचे निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. वाद उद्दिष्टाचा नसून त्या उद्दिष्टासाठी प्रौढ वाचकाकडून काय मागता येईल याचा आहे.

कायद्याने वाचकाची कल्पना कशी केली, याचा मागोवा येथे थोडा घ्यावा लागेल. प्राचीन शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन आणि संबंध यांच्याबरोबर 'अधिकारी' कोण तेही सांगण्याची प्रथा होती. (हा अधिकार पूर्वतयारीवर न ठरता जन्मावर ठरू लागला म्हणजे काय होते, हे वेदांस कृपण म्हणणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या वाचकांस सांगावयास नको.) इंग्रजी कायद्याने १८६८ च्या हिकलिन प्रकरणात अधिकाऱ्याऐवजी अनधिकाऱ्यालाच प्रमाण मानले. ज्यांची मने अशा प्रभावास सहज वश होतात त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती ग्रंथात आहे काय, ही त्याची कसोटी. म्हणजे सर्वांत दुबळा वाचक कल्पावयाचा आणि त्याच्या मापाने सर्वांचे ग्रंथ तोलावयाचे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी १९६४ साली रणजित उदेशी प्रकरणात बऱ्याच अंशी स्वीकारली. मुंबईतील एका पुस्तकाच्या दुकानात 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीची असंक्षिप्त प्रत विकली गेली, म्हणून दुकानाच्या भागीदारास झालेली शिक्षा त्या निकालाने कायम झाली.

अमेरिकेने मात्र १९५७ साली वेगळी वाट धरली. तरुणांस बिघडविणारे पुस्तक कोणासही विकू नये असा मिशिगन राज्याचा कायदा बटलर प्रकरणात रद्द झाला. त्या वेळी न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी योजलेली उपमा पुढे फार गाजली. डुकराचे मांस भाजण्यासाठी सारे घरच पेटवून द्यावे, तसा हा कायदा आहे, असा तिचा आशय. चार्ल्स लँबच्या निबंधाशी परिचय असणाऱ्यांस ही कल्पना कोठून आली ते लगेच उमगेल. त्यानंतर १९६८ च्या गिन्सबर्ग प्रकरणात न्यायालयाने वाचकाचे दोन भाग केले : जे प्रौढास वाचता येईल ते सोळा वर्षांच्या मुलास विकण्यास राज्य मनाई करू शकते. लाँग आयलंडवरील बेलमोर गावी न्याहारीचे आणि लेखनसाहित्याचे दुकान चालविणाऱ्या गृहस्थाने अशा मुलास दोन मासिके विकली होती.

या तिन्ही प्रकरणांत एक योगायोग असा आहे की त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. बटलरचे गिऱ्हाईक पोलीस अधिकारी होता. उदेशी प्रकरणातले गिऱ्हाईक बनावट होते. गिन्सबर्गच्या दुकानात गेलेला मुलगा त्या दुकानदारावर खटला व्हावा म्हणून आपल्या आईच्या सांगण्यावरून गेला होता, याची नोंद न्यायमूर्ती फोर्टस यांच्या विरोधी मतात आहे. बिघडण्याचा धोका असलेला वाचक ज्या खटल्यांच्या केंद्रस्थानी आहे, त्या खटल्यांत प्रत्यक्ष ग्रंथ विकत घेणारा मनुष्य वाचक नव्हताच. कायद्याला वाचकाचे दर्शन झाले ते केवळ दुकानाच्या फळीपाशी, पैसे आणि प्रत यांची देवघेव होण्याच्या क्षणी. घरी जाऊन पान उलटणारा वाचक त्याने कधी पाहिला नाही; आणि पाहिला नाही म्हणूनच त्याला एकटे सोडले. या दुर्लक्षातच अमेरिकन वाचकाच्या स्वातंत्र्याचा मोठा भाग सामावलेला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

थॉमस यांच्या निकालपत्राचा सारा डोलारा या फळीवरच उभा आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : अल्पवयीनांस हानिकारक मजकुरापासून दूर ठेवण्याचा राज्याचा अधिकार गिन्सबर्ग प्रकरणापासून मान्य आहे, ज्या अधिकाराची अंमलबजावणी वय विचारल्याशिवाय होऊ शकत नाही, त्यात वय विचारण्याचा अधिकार अंतर्भूतच असतो, मद्य, तंबाखू, शस्त्रे यांच्या विक्रीत ओळखपत्र पाहण्याची रीत सर्वत्र आहे, म्हणून संकेतस्थळाने ओळखपत्र मागितले तर त्यात नवे काही नाही. प्रौढांवर पडणारा भार यामुळे 'आनुषंगिक' ठरतो, आणि भार आनुषंगिक असल्यामुळे कायद्याची परीक्षा कठोर कसोटीने न होता मध्यम कसोटीने व्हावयास हवी. त्या कसोटीस टेक्ससचा कायदा उतरतो. या क्षेत्रात वाचणाऱ्यास लाज वाटते हे खरे असले तरी ती लाज पूर्वीच्या दुकानातही होतीच, असेही निकालपत्र सुचविते.

न्यायसूत्रांनी दृष्टांताची व्याख्या करताना सामान्यजन आणि परीक्षक या दोघांची बुद्धी ज्या अर्थावर सम होते तो दृष्टांत, असे म्हटले आहे. दुकानदाराचा दृष्टांत या व्याख्येच्या पहिल्या अर्ध्या भागास पुरेपूर उतरतो. दारूच्या दुकानात वय विचारतात हे सर्वांस ठाऊक आहे व कोणासही त्यात अन्याय वाटत नाही. परीक्षकाची बुद्धी मात्र साधारण धर्मापाशी अडते. दुकानदार काय करतो? तो समोरच्या माणसाकडे पाहतो. बहुतेक वेळा केस पिकलेले किंवा मिशा आलेल्या पाहून काही विचारतही नाही. शंका आल्यास ओळखपत्र हाती घेतो, जन्मसाल वाचतो, परत देतो, आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. या सर्व व्यवहारात त्याला जे कळते ते कोठेही लिहिले जात नाही; आणि गिऱ्हाइकाने घरी नेलेल्या मासिकाचे कोणते पान किती वेळ पाहिले ते तर त्याला कळणे शक्यच नसते. संकेतस्थळास यांपैकी कोणतीच मर्यादा नाही. त्याच्या दाराशी दिलेले नाव आणि आत गेल्यावर केलेले वाचन ही एकाच यंत्राच्या स्मृतीत शेजारी-शेजारी बसू शकतात. दुकानदार आणि संकेतस्थळ यांच्यातील साधारण धर्म 'वय विचारणे' एवढाच आहे. 'विसरणे' हा दुकानदाराचा धर्म उपमानात आहे, उपमेयात नाही. आणि गिऱ्हाइकास त्या दुकानात जाण्याचा संकोच सुसह्य होत असे तो याच धर्मामुळे.

हे कायद्याच्या कर्त्यांस उमगले नव्हते असे नाही. माहिती जवळ ठेवण्यास त्यांनी दंड लावला तो एरवी कशासाठी? ओळखपत्र नुसते पाहून परत देणाऱ्या दुकानदारासाठी अशा नियमाची निकड भासत नाही. ज्या दृष्टांतावर न्यायालय विसंबले, त्यातील उणीव कायद्याने स्वतःच्या एका कलमात कबूल केलेली आहे. हे कलम पुरेसे आहे काय, हा प्रश्न वेगळा. २०२५ च्या ऑक्टोबरात डिस्कॉर्ड या संभाषणसेवेने आपल्या सुमारे ७०,००० सदस्यांच्या शासकीय ओळखपत्रांची छायाचित्रे परक्यांच्या हाती गेली असावीत असे जाहीर केले. ही सेवा प्रौढांसाठीच्या चित्रांची नव्हे. परंतु ती छायाचित्रे वयासंबंधीच्या तक्रारींचा निवाडा करण्यासाठीच घेतलेली होती.

केगन यांनी दुकान आणि संकेतस्थळ यांतील हा भेद नेमका हेरला आहे. ओळखपत्र देणे म्हणजे आपल्या वाचनाच्या सवयीसंबंधीची माहिती अज्ञात हातांत देणे होय, हा त्यांचा आक्षेप बहुमताने खोडून काढला असे म्हणवत नाही; संकेतस्थळांना व पडताळणी करणाऱ्यांना गुप्तता राखण्यातच स्वतःचे हित दिसेल, असा दिलासा देऊन तो बाजूस सारला आहे. मात्र त्यांच्या मताचा खरा जोर 'आनुषंगिक' या शब्दाच्या चिकित्सेत आहे. हा शब्द बहुमताने १९६८ च्याच ओब्रायन प्रकरणातून घेतला. सैन्यभरतीचे नोंदणीपत्र जाळून निषेध करणाऱ्या तरुणास झालेली शिक्षा तेथे योग्य ठरली, कारण कायद्याचा रोख नोंदणीपत्र नष्ट करण्यावर होता. जाळणाऱ्याने त्यातून काय सुचविले याच्याशी कायद्यास कर्तव्य नव्हते. टेक्ससच्या कायद्याचे तसे नाही. कोणत्या मजकुरासाठी वय विचारावे हे तो मजकुराच्या आशयावरूनच ठरवितो. आशयावर रोखलेल्या कायद्याचा भार आनुषंगिक कसा, याचे उत्तर बहुमत असे देते की प्रौढास वय न सांगता असा मजकूर पाहण्याचा हक्कच नाही. परंतु तो हक्क आहे की नाही, हेच तर ठरवावयाचे होते. नैयायिक अशा हेतूला साध्यसम म्हणतात. जो हेतू स्वतःच साध्याइतका असिद्ध आहे, त्याने साध्य सिद्ध होत नाही.

एका शब्दाच्या निवडीस एवढे महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. कठोर कसोटी लावली असती तर राज्यास हे दाखवून द्यावे लागले असते की याहून कमी जाचक असा दुसरा परिणामकारक मार्ग उपलब्ध नाही. मध्यम कसोटी हा प्रश्न विचारीत नाही. आणि दुसरा मार्ग कल्पनेतला नव्हे. फ्रान्समध्ये दृक्‌श्राव्य माध्यमांचे नियमन करणाऱ्या 'आर्कॉम' या संस्थेने २०२४ साली जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात दुहेरी अनामिकतेची अट आहे : वय तपासणाऱ्यास अभ्यागत कोणत्या संकेतस्थळावर चालला आहे ते कळू नये, आणि संकेतस्थळास अभ्यागत कोण ते कळू नये. दुकानदाराच्या विसराळूपणाची ही यंत्राने केलेली नक्कल आहे. ती कितपत साधते याचा अनुभव अद्याप तोकडा आहे, आणि फ्रान्समध्येही काही मोठ्या संकेतस्थळांनी २०२५ च्या जूनमध्ये नियम पाळण्याऐवजी आपली दारेच बंद केली. तरी टेक्ससच्या न्यायसभेत हा मार्ग का नको, याचे उत्तर राज्याला द्यावे लागले असते, आणि 'आनुषंगिक' या एका शब्दाने ते देण्याची गरज उरली नाही. केगन यांचे मत अनेकदा कायदा रद्द करण्याची मागणी म्हणून उद्धृत केले जाते. वस्तुतः कठोर कसोटीसही हा कायदा कदाचित उतरेल, परंतु ती लावून तर पाहा, इतकाच त्यांचा आग्रह आहे.

बहुमताची बाजू जेथे बलवान आहे तेथे विरोधी मत तोकडे पडते, हेही नमूद केले पाहिजे. २००४ साली याच न्यायालयाने १९९८ च्या केंद्रीय कायद्याची अंमलबजावणी रोखून धरली, ती आईबापांनी घरच्या संगणकावर चाळणी बसवावी हा उपाय कमी जाचक आहे या कारणास्तव. त्या वेळी घरातला संगणक एक होता व तो बहुधा बैठकीच्या खोलीत असे. आज प्रत्येक मुलाच्या खिशात स्वतंत्र उपकरण आहे, त्यावर शेकडो वाटा आहेत, आणि चाळणी बसविण्याइतके तांत्रिक ज्ञान आईबापांपेक्षा मुलांनाच अधिक असते. परिस्थिती पालटली असे थॉमस म्हणतात ते यथार्थ आहे. या पालटलेल्या परिस्थितीत मुलांसाठी नेमके काय करता येईल, याबद्दल केगन फारसे बोलत नाहीत. अर्थात वयपडताळणीने तरी ते साधते काय, याविषयी शंकेस जागा आहे. ब्रिटनमध्ये २०२३ च्या कायद्यानुसार २५ जुलै २०२५ पासून पडताळणी सक्तीची होताच, आपण दुसऱ्या देशात आहोत असे भासविणाऱ्या व्हीपीएन साधनांना एकाएकी मोठी मागणी आली.

वाङ्मयाच्या अभ्यासकास सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा भाग मात्र निकालपत्रात जवळजवळ चर्चेविना राहिला आहे. हानिकारक मजकुराची टेक्ससने केलेली व्याख्या १९७३ च्या मिलर प्रकरणातील त्रिविध कसोटीवर बेतलेली आहे. त्या कसोटीचा तिसरा भाग असा की कृती समग्रतेने पाहता तिला गंभीर वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय वा शास्त्रीय मूल्य नसावे. टेक्ससने त्यात 'अल्पवयीनांसाठी' हा शब्द घातला. याचा अर्थ वाङ्मयमूल्य हे वयसापेक्ष आहे असा होतो. एखाद्या कादंबरीचे आकलन वयानुसार बदलते, हे कोणीही मान्य करील. पण आकलन आणि मूल्य यांत भेद न केल्यास सात वर्षांच्या बालकासाठी बहुतेक श्रेष्ठ वाङ्मय मूल्यहीन ठरेल. शिवाय कायद्याच्या दृष्टीने सात वर्षांचे बालक आणि विद्यापीठात प्रवेश घेऊ पाहणारा सतरा वर्षांचा युवक हे एकच. हिकलिनच्या दुबळ्या वाचकास अमेरिकेने पुढच्या दाराने बाहेर घालविले, तो या एका शब्दाबरोबर मागच्या दाराने परत आला आहे.

एक-तृतीयांशाचा हिशेब तर त्याहून विलक्षण. मिलरने कृती समग्रतेने पाहण्यास सांगितले होते. येथे एकक कृती नसून संकेतस्थळ आहे, आणि पाहणे नसून मोजणे आहे. तोच मजकूर तीस टक्क्यांच्या शेजारात निर्वेध राहतो व चाळीस टक्क्यांच्या शेजारात पहारा मागतो. ज्या विस्तीर्ण स्थळांवर असा मजकूर प्रमाणाने थोडा पण राशीने अफाट आहे, ती या मापातून सुटतात, आणि मुलांचा वावर तर तेथेच अधिक. टेक्ससच्या विधिमंडळाने संकेतस्थळांवर आरोग्यविषयक इशारेही मोठ्या अक्षरांत छापावयास लावले होते. ते कलम खालच्या न्यायालयातच अडले, यात नुकसान कोणाचेच झाले नाही.

भारतात हा प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. येथे २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारने ८२७ संकेतस्थळे सरसकट बंद करावयास लावली. म्हणजे प्रौढ आणि बालक असा भेद न करता एकच वाचक कल्पिला. २०२१ च्या नियमांनी चित्रपट-मालिका दाखविणाऱ्या सेवांसाठी 'ए' वर्गातील कार्यक्रमांपुरती विश्वसनीय वयपडताळणी सांगितली आहे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक ठरवून त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कोण बालक आहे हे कळावयाचे तर कोण बालक नाही हेही तपासावे लागणार. तेव्हा दाराशी वय विचारण्याचा प्रश्न येथेही फार दूर नाही. हिकलिनची कसोटी भारतीय न्यायालयाने २०१४ च्या अवीक सरकार प्रकरणात सोडून दिली, तथापि तिच्या जागी दोन वाचकांचा विचार अद्याप आलेला नाही.

या संदर्भात मराठीतील एका खटल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा प्रसिद्ध झाली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेले. उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या लेखकास सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली निर्दोष सोडले. त्या निकालपत्रात किशोरवयीन वाचकांचा विचार स्पष्टपणे केलेला आहे. अशा प्रसंगांची वर्णने वाचली एवढ्यावरून ते बिघडतील असे खात्रीने म्हणता येणार नाही, असे न्यायालयास वाटले. कथा वाङ्मयदृष्ट्या उच्च प्रतीची नाही, तिच्यात अपक्वता आहे, असाही अभिप्राय न्यायमूर्तींनी दिला, आणि त्या अभिप्रायाचा लेखकाच्या अपराधाशी संबंध जोडला नाही. या निष्कर्षाशी कोणी सहमत होवो वा न होवो, तो काढण्यासाठी ती कथा अथपासून इतिपर्यंत कोणीतरी वाचावी लागली होती. टेक्ससच्या कायद्याखाली चालणाऱ्या पडताळणीत मजकूर वाचण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नाही. मजकुराचे प्रमाण मोजले जाते, आणि वाचणाऱ्याचे नाव विचारले जाते.